टीव्हीला हात लावायचा नाय

आमच्या घरी कुणी आलं की आधी टीव्हीकडं बघतं आणि मग माझ्याकडं. "मनकर्णाबाई, टीव्हीला काय झालंय? नुसती बटनंच दिसतायत." मी म्हणते, "काय झालं नाय. सुनेचं हापिस लागलंय. बसा, चहा ठेवते." मग ते बसतात आणि चहा पिऊन होईपर्यंत त्या बटनांकडंच बघत राहतात. करणार काय, दुसरं काही लागतच नाय.

आता हे आधी नीट सांगते, नायतर पुढचं कळायचं नाय. सून माझी प्रेरणा. पैठण रोडला चितेगावात एक कंपनी हाय, तिथं ती डिझाईनला होती. गाड्यांच्या पत्र्याचे भाग ठोकायला जे साचे लागतात, त्यांची चित्रं ती लॅपटॉपवर काढते. माझा पोरगा सत्यम वाळूजला शिफ्टमध्ये. दोघं सकाळी दोन दिशांना जायचे, संध्याकाळी गारखेड्याला घरी यायचे, सगळं बरं चाललं होतं. मग कंपनीच्या डोक्यात काय किडा वळवळला कुणास ठाऊक, डिझाईनचं अख्खं हापिस उचलून त्यांनी पुण्याला नेलं. साचे इथं आणि चित्रं तिथं! ज्याला नोकरी पाहिजे त्यानं पुण्याला यावं म्हणे. प्रेरणानं हातापाया पडून घरून काम करायची परवानगी काढली, ती पण तात्पुरती.

आता लॅपटॉपचा पडदा तो केवढा. पोळपाटाला भारी पडायचा नाय. त्यावर मधोमध साच्याचं चित्र आणि चारी बाजूंनी बटनांच्या पट्ट्या. रेघ ओढायचं बटन, भोक पाडायचं बटन, मोजायचं बटन, फिरवून दाखवायचं बटन. त्या पट्ट्यांना टूलबार म्हणतात. एवढी बटनं मांडली की चित्राला जागाच राहत नाय. प्रेरणानं मला सांगितलं होतं, "आई, तुमचा मसाल्याचा डबा असतो ना, तसे हे टूलबार. हाताशी पाहिजेत, पण कढईत नकोत." हे मला पटलं. म्हणून तिनं हॉलमधल्या टीव्हीला लॅपटॉपची केबल जोडली आणि टूलबार सगळे टीव्हीवर नेऊन ठेवले. लॅपटॉपवर फक्त चित्र, एकदम स्वच्छ. मीटिंगमध्ये गिऱ्हाइकाला लॅपटॉपचा पडदा दिसतो, टीव्हीचा नाय. ती जेवणाच्या टेबलावर टीव्हीकडं तोंड करून बसते. माउसचा बाण लॅपटॉपच्या वरच्या कडेतून निघतो आणि थेट टीव्हीत शिरतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हात जोडले होते.

पण हॉल गेला ना माझा! सकाळी दहा वाजले की हॉलमध्ये बोलायचं नाय, मिक्सर लावायचा नाय, टीव्हीला हात लावायचा नाय. भाजी निवडायची तर आतल्या खोलीत पलंगावर बसून. मी काय गप्प बसणारी बाई नाय. रोज ऐकवायचे, "माझ्या घरात मीच पाहुणी झाले. कुठून हे लॅपटॉपचं झेंगट आलं बाई." ती बिचारी हसायची आणि कानात ती वायर घालायची. माझं तोंडच तसं हाय. दूध उतू गेलं तर मी दूधवाल्याला बोलते.

तर मागच्या महिन्यात काय झालं. चेन्नईकडचं मोठं गिऱ्हाईक, त्याची मीटिंग. प्रेरणा इंग्रजीत फाडफाड बोलतीय, साचा असा उघडणार, तसा मिटणार. आमचे हे, म्हणजे बद्रीनाथ, पोरं त्यांना अण्णा म्हणतात, आतून डुलक्या घेत आले, सोफ्यावर बसले आणि रिमोट उचलून बातम्या लावल्या. सवयीनं! टीव्हीवर कापसाचा भाव सुरू झाला आणि पोरीचे टूलबार गेले त्याच्या मागं. लॅपटॉपला वाटतंय, टूलबार टीव्हीवर हायत. टीव्हीला वाटतंय, आपण बातम्या दाखवतोय. मधल्या मधे हिचा जीव जातोय. बाण वर जायचा आणि गायब. तिकडं गिऱ्हाईक बघतंय की ही बाई माउस घेऊन रानोमाळ हिंडतीय. तिनं अण्णांना हातानं खुणा केल्या. ह्यांना वाटलं आवाज वाढवा म्हणतीय. वाढवला! मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत मीटिंग संपली होती. गिऱ्हाईक म्हणालं, तुमची तयारी झाली की परत बोलू.

त्या दिवशी मी ह्यांना जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाय. सांगून उपयोग पण नाय, त्यांना अजून पटत नाय की त्यांचं काही चुकलं. "मी फक्त बातम्या लावल्या," हेच त्यांचं पालुपद.

संध्याकाळी पुण्याहून तनुजा मॅडमचा फोन आला. तनुजा मॅडम म्हणजे प्रेरणाच्या साहेबीण. बाई वाईट नाय, पण सरळ बोलणारी. म्हणाली, "प्रेरणा, घरून हे असंच होणार. इथं ये, तुला टेबल देते, दोन स्क्रीन देते." प्रेरणानं एक संधी मागितली. मॅडम म्हणाल्या, "ठीक. याच गिऱ्हाइकाचा रिव्ह्यू परत आहे. तो तू तिथून विनाअडथळा करून दाखव. झाला, तर मी वर बोलून तुला कायमची तिथंच ठेवते. नाही झाला, तर एक तारखेला तू पुण्यात." फोन स्पीकरवर होता, मी लसूण सोलत ऐकत होते. सोललेला आणि न सोललेला सगळा लसूण मी एकाच वाटीत टाकला.

कारण खरं सांगू का? मध्यंतरी ती ट्रेनिंगला म्हणून पुण्याला जाऊन आली होती. थोड्याच दिवसांसाठी. पण घर खायला उठलं मला. सत्यम कामावर, हे आपले पेपरात. बोलायचं कुणाशी, रुसायचं कुणावर? संध्याकाळी एका माणसापुरती जास्तीची पोळी लाटून ठेवायचे आणि सकाळी शिळी खायचे. पण हे मी कुणाला बोलले नाय. बोलणार कशी? सासूनं सुनेला "जाऊ नको" म्हटलं की झालं, लोक म्हणतात पोरीच्या नोकरीला आडवी पडली. आमच्या बिल्डिंगमध्ये अशा दोघी हायत, त्यांना लोक काय म्हणतात ते मी रोज ऐकते. म्हणून मी आपलं टीव्हीवरून कुरकुर करत राहिले.

मीटिंगच्या आधी आठवडाभर पोरीनं नुसता सराव केला. तिनं दोन मांडण्या करून ठेवल्या होत्या. एक टीव्ही चालू असतानाची आणि एक टीव्ही नसतानाची. मला सांगायची, "आई, बटन दाबून टीव्ही बंद करा." मी करायचे. लॅपटॉप टुंग करायचा आणि सगळे टूलबार टीव्हीवरून उड्या मारून लॅपटॉपवर पडायचे, चित्राच्या ऐन छातीवर, सगळा ढीग. मग ती दोन बोटांनी काहीतरी दाबायची आणि ढीग उठून उजव्या कडेला ओळीत उभा राहायचा. कधी एका झटक्यात जमायचं, कधी नाय जमायचं. पण टीव्ही परत चालू केला की मोठा घोळ. अर्धे टूलबार टीव्हीवर पळायचे, अर्धे लॅपटॉपवरच बसायचे, आणि मोजायचं बटन तर हटकून बेपत्ता. ती कपाळाला हात लावायची. "एकदा बंद झाला तर मी सांभाळीन आई. पण बंद होऊन परत चालू झाला, तर माझं काही खरं नाही." मी म्हटलं, "बंद तरी कशाला होईल? मी हाय ना."

मीटिंगच्या दिवशी मी पदर खोचून तयार. ह्यांना सकाळीच खुलताबादला त्यांच्या दोस्ताच्या मळ्यात लावून दिलं. "आज काय काम तिथं?" म्हणाले. म्हटलं, "काम नाय म्हणूनच जा." रिमोट ज्वारीच्या डब्यात टाकला. बेलची तार काढली. कडी लावून हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. प्रेरणानं चांगला कुर्ता घातला होता, लॅपटॉपपुढं बसली, देवाला नमस्कार केला आणि सुरू झाली. टीव्हीवर टूलबार, लॅपटॉपवर साचा. पोरगी अशी बोलत होती की मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी ऐकत राहावं वाटत होतं.

आणि तेवढ्यात जिन्यातून जैतुनबीचा आवाज. जैतुनबी आमची समोरच्या दारातली शेजारीण. "मनकर्णाआपा! पानी आया! मोटर चालू करो जल्दी, नई तो ऊपर एक बूँद नई चढती!"

कर्म माझं. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक. आज येईल म्हणतात, परवा येतं. आलं की हातातलं टाकून पळायचं. आणि त्या आठवड्यात मोटरची पाळी आमची, किल्ली माझ्या कमरेला. सगळ्या बिल्डिंगचं पाणी माझ्यावर अडलेलं. प्रेरणाकडं बघितलं, ती बोलण्यात बुडालेली. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, आवाज नको म्हणून दार नुसतं लोटलं आणि खाली गेले. मोटर लावली. ती आधी हवा धरून बसली. तिला बोलले, लाथ घातली, चालू झाली. वर आले तर दार सताड उघडं आणि दारात पुरुषाच्या चपला.

आत बघते तर आप्पासाहेब. सोयगावचे. माझी लेक सोनिया, तिचे सासरे. म्हणजे माझे व्याही!

आता व्याही म्हणजे काय ते आमच्याकडच्या बाईला विचारा. सोनियाच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी आप्पासाहेबांशी सरळ तोंडाकडं बघून कधी बोलले नाय. पदर डोक्यावर, नजर खाली, आणि बोलायचं ते भिंतीला. "व्याह्यांना म्हणावं, जेवून जा." त्यांनी पण खांबाला सांगायचं, "विहीणबाईंना म्हणावं, घाई हाय." असं आमचं चाललेलं. आणि आज ते धाकट्या पोराच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. पत्रिका द्यायला आलेल्या व्याह्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, टॉवेल-टोपी करायची. त्यात काही उणं राहिलं तर सोयगावात माझ्या लेकीला ते वर्षानुवर्षं ऐकावं लागतं.

आप्पासाहेब सोफ्यावर नव्हते. ते टीव्हीपाशी उभे होते, वाकून. त्यांचं चुकलं म्हणणार नाय मी. पाहुणा आला की यजमान टीव्ही लावून देतो, इथं यजमानच नाय. सून वायर घालून इंग्रजी बोलतीय, तिनं बसल्या बसल्या हात जोडले आणि परत बोलायला लागली. टीव्हीवर बघावं तर नुसती बटनं. भल्या माणसाला वाटलं, टीव्ही बिघडलाय, व्याह्यांचं आपण नीट करून द्यावं. रिमोट दिसेना, म्हणून त्यांनी टीव्हीच्या खालचं बटन शोधलं. आणि मी उंबऱ्यात पाय टाकला तेव्हा त्यांनी ते दाबलं.

टीव्ही काळा झाला. लॅपटॉप टुंग वाजला.

तिथून मला लॅपटॉपचा पडदा तिरका दिसत होता. सगळे टूलबार चित्रावर येऊन पडले, ढीगच्या ढीग, आणि तिकडं चेन्नईचं गिऱ्हाईक बघतंय. प्रेरणा बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा पांढरा फटक. मी मनात म्हटलं, आई भवानी, कधी काही मागितलं नाय, आता मागते. पोरीनं डोळे मिटले, उघडले, काहीतरी एक वाक्य बोलली, हसून, आणि दोन बोटं दाबली. ढीग हलला. एक पट्टी उजवीकडं गेली, दुसरी गेली, मग सगळ्या धावत गेल्या आणि कडेला ओळीनं उभ्या राहिल्या. मोजायचं बटन पण होतं! साचा परत मधोमध, स्वच्छ. ती जिथं थांबली होती तिथून पुढं बोलायला लागली, आवाज पण कापला नाय. मला तिथंच तिची दृष्ट काढावी वाटली.

पण आप्पासाहेब! त्यांनी टीव्ही काळा झालेला बघितला आणि माझं तोंड बघितलं. त्यांना वाटलं, आपण बिघडवला. त्यांनी मला हातानं धीर दिला, म्हणजे थांबा, काळजी करू नका, लावतो परत. आणि बोट पुन्हा त्या बटनाकडं न्यायला लागले.

परत चालू झाला तर माझं काही खरं नाही. तिचे शब्द माझ्या कानात घणघणले. ओरडता येईना, लॅपटॉपला सगळं ऐकू जातं. माझ्यासारख्या बाईला आणि तोंड मिटून राहायचं! भिंतीला सांगायला वेळ नव्हता आणि भिंतीला सांगायचं तरी मोठ्यानं सांगावं लागलं असतं. मी तीन ढांगांत हॉल ओलांडला आणि व्याह्यांचं मनगट धरलं. गच्च. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, हात मोटरच्या ग्रीसनं काळे. आप्पासाहेब माझ्याकडं बघतायत, मी त्यांच्याकडं बघतीय, सरळ डोळ्यात डोळे घालून. त्यांनी तोंड उघडलं, तसं मी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि त्यांना धरून, मागं मागं ओढत, दाराबाहेर काढलं. हो, बाहेर काढलं. पत्रिका घेऊन आलेल्या व्याह्याला हाताला धरून मी घराबाहेर काढलं.

समोर जैतुनबी दारातच उभी होती. तिनं एकदा माझ्या हाताकडं बघितलं, एकदा आप्पासाहेबांच्या टोपीकडं, आणि शहाणीनं एक प्रश्न विचारला नाय. "आओ भाईसाब, अंदर बैठो. चाय रखती मैं," म्हणाली.

जैतुनबीच्या दिवाणावर बसल्यावर मी मनगट सोडलं. काळी बोटं उमटली होती त्यावर. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता लाजून काय होणार? मी पदर सारखा केला आणि सरळ त्यांच्याशीच बोलले, भिंत-बिंत काही नाय. "व्याही, माफी करा. सुनेची मीटिंग चाललीय. ती बिघडली तर एक तारखेला पोरगी पुण्याला जाते. टीव्ही परत चालू झाला असता तर बिघडली असती. म्हणून हात धरला. सोनियाला यातलं काही बोलू नका, बोलायचं ते मला बोला."

आप्पासाहेबांनी आधी मनगट पुसलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे मी बिघडवलं का?" असं विचारलं, हळूच. एवढा मोठा माणूस, बाजार समितीत ज्याच्या शब्दाला वजन, तो पोरासारखा घाबरला होता. "विहीणबाई, तुमची शप्पथ, मला वाटलं टीव्ही खराब झालाय."

"तुमची चूक नाय."

"पण निस्तरलं ना पोरीनं? मी बघितलं, तिनं काहीतरी केलं."

"केलंय खरं. पण मीटिंग अजून संपायची हाय."

चहा आला. कुणी कप उचलला नाय. खाली मोटर घुमत होती, टाकी भरून वाहायला लागली तशी जैतुनबीच जाऊन बंद करून आली. आप्पासाहेब दाराकडं कान करून बसलेले. जिन्यापलीकडून प्रेरणाचा आवाज बारीक येत होता. तो थांबला की आम्ही तिघं एकमेकांकडं बघायचो, सुरू झाला की श्वास सोडायचो. जैतुनबी ओठातल्या ओठात दुआ मागत होती. मग आवाज थांबला तो थांबलाच.

प्रेरणा दारात आली. कानातली वायर गळ्यात लोंबत होती. तिनं आधी आप्पासाहेबांच्या पाया पडून घेतलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"झाला रिव्ह्यू. पास झालं डिझाईन. गिऱ्हाईक खूश आहे." ती खाली बघत होती. "मॅडम म्हणाल्या, आता घरूनच काम कर, मी वर सांगते."

माझा जीव भांड्यात पडला. जैतुनबीनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आप्पासाहेब "वा रे पोरी" म्हणाले आणि गार झालेला चहा एका घोटात प्याले. पण पोरगी हसत का नव्हती?

"मग असं तोंड का केलंयस?"

"मी मॅडमना सांगितलं, घरी विचारून संध्याकाळपर्यंत कळवते."

"काय विचारून?"

"राहू का पुण्याला जाऊ, ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, डोकं फिरलंय का तुझं? महिनाभर ज्याच्यासाठी मरमर केलीस ते हातात आलं, आणि विचारून सांगते? कुणाला विचारणार होतीस?"

"तुम्हाला." तिचे डोळे भरले होते. "आई, तुम्ही रोज म्हणता ना, माझ्या घरात मीच पाहुणी झाले. खरंच आहे ते. माझ्यामुळं तुम्हाला हॉल नाही, अण्णांना बातम्या नाहीत. आज त्यांना घराबाहेर घालवावं लागलं. आणि मी बघितलं आई, माझ्यामुळं तुम्ही सोनियाताईंच्या सासऱ्यांना हाताला धरून बाहेर नेलंत. तुमची मान खाली घालून मला इथं राहायचं नाही. तुम्हाला तुमचं घर परत मिळूदे. मी जाते पुण्याला. सत्यमना मी समजावीन."

ही पोरगी माझं रोजचं बडबडणं खरं धरून बसली होती! मी म्हणत होते आणि ती मनात साठवत होती. आणि जे खरं होतं ते मी एकदा पण बोलले नव्हते, लोक काय म्हणतील म्हणून.

"मी म्हणते!" मी शेवटी ओरडले. "अगं, मी काय काय म्हणते! मी ह्यांना रोज म्हणते, माहेरी निघून जाते. गेले का कधी? मला नको तो हॉल. तू ट्रेनिंगला गेली होतीस तेव्हा होता ना सगळा हॉल माझा. बसायचे एकटी आणि बघायचे दाराकडं. मला करमत नाय तुझ्याशिवाय. नाय करमत! आता झालं समाधान? तू पुण्याला गेलीस तर मी काय करू गं त्या घरात?"

प्रेरणा माझ्याकडं बघत राहिली, पहिल्यांदा बघत असल्यासारखी.

"हे आधी का नाही बोललात?" ती म्हणाली.

"लोक म्हणाले असते, सासू आडवी आली."

"आणि मी म्हणत होते, सासूला मी नको झालेय."

आप्पासाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "विहीणबाई," म्हणाले, तेही सरळ माझ्याकडंच बघून, "ती संध्याकाळपर्यंत कशाला थांबायची? फोन लावा आत्ताच. मी पत्रिका तोवर काढत नाय."

"लाव गं," मी म्हटलं.

तिनं लावला. तिच्या हातातून फोन मीच घेतला, ती "आई, आई" करत राहिली. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "बोल प्रेरणा."

"प्रेरणा नाय, प्रेरणाची सासू बोलतीय. मनकर्णाबाई. तिनं घरी विचारून सांगते म्हटलं होतं ना? विचारलं तिनं. घरच्यांनी सांगितलंय, ती इथंच राहणार. पुण्याला येत नाय."

मॅडम हसल्या. "बरं आई. पण मध्येच ते टूलबार सगळे पडले होते. तिनं सांभाळलं म्हणून ठीक. पुढं काय? घर आहे, टीव्ही कुणीतरी लावणारच."

"लावणार नाय," मी म्हटलं. "तो टीव्ही आजपासून तिचा. आमचा आता त्याच्यावर हक्क नाय. केबल लावलेली तशीच राहील, आणि त्याला हात लावणाऱ्याचं मनगट कसं धरायचं ते मला आता जमतं."

आप्पासाहेबांना असं हसू फुटलं की त्यांना ठसका लागला. जैतुनबी पाण्याला धावली. मॅडम म्हणाल्या, "ठरलं मग. सांगते मी वर." आणि फोन ठेवला.

मी मटकन दिवाणावर बसले. इतके दिवस छातीवर काहीतरी धरून बसले होते, ते सुटलं. प्रेरणा माझ्या शेजारी बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायलाच लागली, एवढी घोडी झालेली बाई, हमसून हमसून. रडता रडता मधेच हसली आणि म्हणाली, "आई, पण अण्णांना कोण सांगणार?"

"त्यांचं मी बघते," मी म्हटलं. माझेच डोळे वाहत होते, पण मी तिच्याच अंगावर ओरडले. "आणि आता डोळे पूस आधी. पाहुणे बघतायत."